अर्ध्या पाठीचा आरोप

पाठीवर फोड उठले की आधी कुणाला दोष देता तुम्ही? घासणाऱ्या बाईलाच ना?

दक्षिण कोरियातल्या मोकपो शहरात, आमच्या हमामात प्यो मालरे सव्वीस वर्षं बायकांच्या पाठी घासते. हिरवा खरखरीत हातमोजा चढवला की तिची नजर पोलिसाची होते. नवा तीळ, जुना वळ, नवऱ्याच्या बोटांचे डाग, काही सुटत नाही. विश्वास मात्र कुणावरच नाही. मी या घासणाऱ्या बायकांच्या संघटनेची सचिव, तर माझ्यावरही नाही.

त्या मंगळवारी माबाई, जुनं गिऱ्हाईक, तणतणत आली. "काल सोललं हिने मला! नुसती आग होतेय. हिला आजच काढा."

मालकीण लगेच मालरेला म्हणाली, "किल्ली ठेव आणि नीघ."

मालरे जागची हलली नाही. "ताई, जरा वळा बघू."

उजव्या कुशीवर पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा. मणक्यापाशी सुरीने कापावा तसा थांबलेला.

"अर्धीच पाठ घासून तुम्ही मला सोडलं असतं होय? ही नागीण आहे."

"विषाणू मला शिवत नाही! माझ्या किलर पेशी जाग्या आहेत." माबाईने पावडरीची डबी नाचवली. बाहेरच्या बैठकीत एक तुळतुळीत माणूस ती किलर पेशी जागवणारी म्हणून विकतो.

माझं टाळकं सटकलं. शाळा लवकर सुटली माझी, पण या पेशींचं मी वाचनालयात बसून वाचलंय. नॅचरल किलर पेशी खऱ्याच, आणि भलत्या संशयी. शरीरातली प्रत्येक पेशी आपली ओळखखूण अंगावर बाळगते. विषाणू आत शिरला की बाकीच्या शिपायांना चुकवायला ती खूण लपवतो. ह्या मात्र खूण दिसली नाही की तिथंच संशय धरतात, आणि हुकमाची वाट न बघता त्या पेशीला मारतात. पण लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसलेला असतो. वय झालं, पहारा ढिला पडला, की निघाला बाहेर. पावडरीने पहारा कडक होतो याचा पुरावा मी त्या माणसाकडे तीनदा मागितला. तीनदा हसला मेला.

"आग कधीपासून होतेय?" मालरेने विचारलं.

माबाई घुटमळली. "शनिवारपासून."

"मी घासलं सोमवारी. आणि फोड?"

"आज सकाळी."

"मग चला डॉक्टरकडे. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध लागतं."

डॉक्टरने नागीणच लिहिली. मालरेची किल्ली परत मिळाली, माफी नाही.

तेव्हा एवढं ऐका माझं: घासणारी बाई "डॉक्टरकडे जा" म्हणाली, तर तिच्यावर डाफरू नका. त्याच दिवशी जा.