चीजमास्तरांचा एक गैरसमज

दुकानातल्या चीजच्या काउंटरमागे उभं राहून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. पण शंभर ग्रॅम चीज घ्यायला आलेलं गिऱ्हाईक व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना चीजमास्तर म्हणत. "भोकं उंदरांनी नाही पाडली हो, मुरताना वायू सुटतो त्याची आहेत. उंदराला चीजपेक्षा दाणे प्यारे." "पिवळं म्हणजे जुनं, हे कोणी सांगितलं? रंग एका झाडाच्या बियांचा असतो, वरून घालतात." "ही पांढरी बुरशी खरवडू नका, ती खायचीच आहे." कोणी प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून मागितलं की त्यांचा पारा चढे, आणि ते मुद्दाम कागदच काढत.

घरी मात्र चीज कधी आलं नाही. बायकोला दूध पचत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कपभर दुधाने तिने दोन दिवस अंथरूण धरलं, आणि मास्तरांनी निकाल लावून टाकला.

"अहो, एक तुकडा तरी आणा," ती कधीमधी म्हणायची. "रोज तुमच्या हाताला वास येतो. चव तरी कळू दे."

"चीज म्हणजे दूधच ना? पोट धरून बसशील."

पुढे तिने विचारायचं सोडून दिलं.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस दुकान सुटलं की दुसऱ्या सकाळपर्यंत एक शब्द बोलत नसे. कुलूप उघडताना ते अजून खोकत. मी आलो, हे तिला कळावं म्हणून लागलेली सवय ती. मग दिवा लावायचा, आणि घर अंगावर येऊ द्यायचं.

शनिवार तेवढा त्यातल्या त्यात बरा जाई. त्या दिवशी घरासमोरच्या दारातली शिवणवाली ताई काउंटरवर येई. तिचं मागणं वर्षानुवर्षं ठरलेलं: दोन वर्षं मुरलेलं, कडक, शंभर ग्रॅम. अलीकडे ती पन्नासवर आली होती. वय झालं, भूक मंदावली असेल, असं मास्तर धरून चालले होते.

एकदा एक डॉक्टर आले. मास्तरांनी मऊ चीज पुढे केलं, तर ते म्हणाले, "ते नको. मला दूध पचत नाही. ते जुनं, कडक द्या."

"मग हेही नाही चालायचं."

डॉक्टर हसले. "मास्तर, दुधातली साखर सोसत नाही मला. ती बरीचशी चीज करतानाच निवळीच्या पाण्याबरोबर वाहून जाते. उरलेली मुरता मुरता जंतूच संपवतात. इतक्या जुन्यात काही राहत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला काही शिकवलं नाही. आठ दिवस त्यांना घास गोड लागला नाही. आपल्या अर्धवट ज्ञानापायी आपण आपल्याच माणसाला एका तुकड्यासाठी आयुष्यभर झुरवलं, हे त्यांना सहन होईना. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी समोरचं उघडं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

ताईने मशीन थांबवली. हातातल्या कापडाची घडी घातली.

"भाऊजी, जिवाला लावून घेऊ नका. वहिनींनी खाल्लंय."

"कधी?"

"दर शनिवारी, इथेच. मी तुमच्याकडून आणायचे, आम्ही दोघी कोऱ्या चहाबरोबर खायचो. पहिल्यांदा त्यांनी भीत भीत खाल्लं. काही झालं नाही. मग आमचं ठरूनच गेलं."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"मी म्हटलं होतं, सांगा. तर म्हणाल्या, साऱ्या गावाला शिकवतात ते, त्यांचंच चुकलं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? राहू दे." ताई जराशी हसली. "तुमचा हात मात्र ओळखायच्या. कधी म्हणायच्या, आज तुकडा जाड कापलाय, लक्ष नव्हतं वाटतं त्यांचं."

मास्तर घरी आले. ती उपाशी राहिली नव्हती. छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. पण ती खात होती, हसत होती, आपल्या हातचा तुकडा पारखत होती, आणि हे सगळं समोरच्या दारामागे. आपल्याला त्यातलं काहीच मिळालं नाही, हे आता नव्याने दुखत होतं.

शनिवारी ताई आली. मास्तरांनी न विचारता शंभर ग्रॅम कापलं.

"पन्नासच द्या, भाऊजी. एकटीला तेवढं पुरतं."

त्यांनी तुकड्याचे दोन भाग केले. एक तिला दिला, दुसरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. घरी खोकून कुलूप उघडलं, चहा केला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर चीज ठेवलं. तुकडा जाडच कापला गेला होता. ते सांगायला घरात कोणी नव्हतं.