कुणाच्याच मालकीचं नसलेलं कुलूप

लातूर जिल्हा जुन्या जिल्ह्यातून नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मी लातुरात एका चार पानी दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या लिहायचो. आमचे संपादक निकालांवर अग्रलेख लिहायचे. निकाल मात्र वाचायचे नाहीत. चहा संपेस्तोवर मी जेवढं सांगेन, तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

त्या उन्हाळ्यात रेणापूरकडच्या एका गावातली बाई दावा जिंकली. बौद्ध वस्तीतली, मजुरी करणारी, चाळिशीची. गावच्या सरकारी विहिरीवर शेजारच्या बड्या शेतकऱ्यानं लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं होतं. विहीर आपल्याच हद्दीत येते, असं त्याचं म्हणणं. विहीर गावाची आहे, कुलूप काढा, असा निकाल लागला.

संपादकांनी लिहिलं, 'तहानलेल्यांच्या ओंजळीत न्यायदेवतेनं अमृत ओतलं.' पुढाऱ्यांनी बाईचा सत्कार ठेवला. व्यासपीठावर थंडगार सरबत फिरत होतं. प्रत्येक वक्ता निकालाला ऐतिहासिक म्हणत होता. विहीर एकानंही पाहिली नव्हती. कार्यक्रम आटोपल्यावर बाई शाल काखेत मारून माझ्याकडं आली.

"तुमी पेपरवाले ना? कुलूप कवा निघतंय?"

"अजून निघालं नाही?"

"न्हाई की. पोरी लई लांबून पाणी आणायल्यात."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत जिल्हा कचेरीत गेलो. साहेबांनी हुकूम उलटापालटा करून पाहिला.

"हा जुन्या जिल्ह्याच्या नावानं आहे. आम्ही अंमल कसा करणार?"

"मग तिकडं जाऊ का?"

"ते म्हणतील, गाव आता आमच्याकडं नाही." आणि साहेब हसले. एखादं अवघड गणित सुटावं तसे.

"साहेब," बाई म्हणाली, "जिल्हा हलला. हीर तितंच हाय."

ती उठली. दोन दिवसांनी भर दुपारी वस्तीतल्या बायकांनी घणानं कुलूप फोडलं आणि पाणी भरलं. इतके दिवस ज्यांना गावचा रस्ता सापडत नव्हता, ते पोलीस तासाभरात पोचले. शेतकऱ्याच्या तक्रारीवरून बायकांवर तोडफोडीचा गुन्हा दाखल झाला.

संपादकांनी नवा अग्रलेख लिहायला घेतला: कायदा हातात घेण्याची घातक प्रवृत्ती. मी म्हणालो, "शेजारी तुमचा जुना अग्रलेखही छापा."

"तुला पेपर चालवणं कळत नाही," ते गुरकावले. मग मी सगळी हकिगत नांदेडच्या एका साप्ताहिकाला पाठवून दिली. तिथं ती छापून आली आणि संपादकांचा अग्रलेख अर्धवटच राहिला.

पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी साधा प्रश्न विचारला. "फोडलेलं कुलूप कुणाचं?"

शेतकरी उभा राहिला. त्याच्या वकिलानं त्याची बाही ओढली. माझं म्हणावं, तर कोर्टाचा हुकूम मोडल्याची कबुली होत होती. पागोट्याशी चाळा करत तो पुटपुटला, "माझं न्हाई."

"मग तक्रार कसली?"

कोर्टात हशा पिकला. पुढं प्रकरण बारगळलं. त्याच संध्याकाळी संपादकांनी मला बोलावून घेतलं. न्यायाच्या विजयावर त्यांना पुन्हा लिहायचं होतं. घातक प्रवृत्तीवरचा अर्धा अग्रलेख टोपलीत गेला होता. बाईचा फोटो हवा, तिला घेऊन ये, असं सांगून त्यांनी मला धाडलं.

मी गावात पोचलो तेव्हा ती विहिरीवर दोर ओढत होती. निरोप ऐकून तिनं मान वर केली नाही.

"येत न्हाई म्हणावं," ती म्हणाली. "आन् तुमी जरा बाजूला सरा, मागं बाया खोळंबल्यात."