पुण्याहून जवळचं कोलंबो

माझ्यासाठी एकदमच दोन स्थळं आली, एक पुण्याचं, एक कोलंबोचं. कोलंबोचा मुलगा मूळचा आमच्यासारखाच तंजावूरचा मराठी, राजवाड्यामागच्या गल्लीतला. तिकडे एका कंपनीत हिशेबनीस होता. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. घरात शेवटचा शब्द आत्याचा.

"पुणं काही झालं तरी आपल्या मुलखात," आत्या म्हणाली. "कोलंबो म्हणजे परदेश."

अण्णा, माझे वडील, कॉलेजात भूगोल शिकवत. त्यांनी जमिनीवर नकाशा पसरला आणि माझ्या वेणीची रिबन सोडून अंतर मोजून दाखवलं. "पुण्याला दोन रात्री आगगाडीत काढायच्या, अक्का. तिरुचीच्या विमानतळावरून कोलंबोचा विमानतळ दीड तासावर."

"पण मध्ये समुद्र आहे ना? तो ओलांडला की विटाळ."

"विमान समुद्राला शिवतच नाही. वरून जातं."

आत्यानं पुण्याची पत्रिका परत पाठवायला सांगितलं. मला कुणी विचारलं नाही, पण मला विमानात बसायचंच होतं.

लग्न झालं. रजा संपली तसा नवरा पुढे गेला. माझा पासपोर्ट हाती आल्यावर मला पोचवायला अख्खं घर भाड्याच्या व्हॅनमध्ये कोंबून तिरुचीला निघालं.

विमानतळावर पाय ठेवताच आत्यानं मला कवटाळून हंबरडा फोडला. मागोमाग आई, मग दोन्ही मावश्या. तेवढ्यात गणवेशातला एक माणूस येऊन सांगून गेला, की विमान अजून कोलंबोहून निघालेलंच नाही. सगळ्यांनी डोळे पुसले. बऱ्याच वेळानं आकाशात घरघर ऐकू आली. पुन्हा रडारड. ते मद्रासचं विमान निघालं.

दुपारी मुलं भुकेनं किरकिरू लागली. माझ्या नवऱ्यासाठी भरलेली टोपली उघडली गेली. आधी चकलीसारखे मुरुक्कू गेले, मग चिंचेचा भात, शेवटी लाडू.

आत्यानं गणवेशवाल्याला तमिळमध्ये धारेवर धरलं. "दीड तासाचा रस्ता म्हणे! मग सकाळपासून करतंय काय ते?"

"अम्मा, इंजिनाचं काम चाललंय."

आत्या अण्णांकडे वळली. "पुण्याला दिली असती, तर पोरगी एव्हाना आगगाडीनं गुंटकल जंक्शनला पोचली असती!"

अण्णा नारळाचं पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

उन्हं कलल्यावर विमान उतरलं. आता कुणाच्याही डोळ्यांत टिपूस उरलं नव्हतं. आत्या म्हणाली, "जा बाई पटकन. आम्हाला अजून तंजावूर गाठायचंय."

कोलंबोला नवरा सकाळपासून उभा होता. लग्नानंतर आम्ही नीट बोललोच नव्हतो. त्यानं पहिलं विचारलं, "काही खायला आणलंस?" मी रिकामी टोपली पुढे केली. दोघांनाही हसू आवरेना. मग त्यानं मला रस्त्याकडेच्या दुकानात तांदळाचे गरम आप्पम खाऊ घातले.

पुढच्या वर्षी माझ्या बाळंतपणाला आत्या आली. विमान अगदी वेळेवर आलं, तरी ती उतरली ती फुरंगटूनच.

"एवढ्यात कोलंबो आलं? बसा म्हणाले, हातावर लिमलेटची गोळी ठेवली, आणि उतरा म्हणाले! एवढाले पैसे घेतात, निदान पानावर जेवायला तरी घालायचं."

महिनाभर ती हीच तक्रार येईल त्या सिंहली शेजारणीला मराठीतून सांगत राहिली. आणि त्या बिचाऱ्या मान डोलवून तिला आणखी चहा ओतत.