बाबूजींची वेगळी चूल

वडिलांचं हृदय वाचावं म्हणून मी त्यांना घरातून वेगळं काढलं. (यात हसण्यासारखं काहीही नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे.)

झालं असं, की बाबूजींच्या हृदयाची एक नळी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. मी सरकारी शिक्षक, त्यामुळे माझ्यावर अवलंबून म्हणून त्यांचा खर्च सरकार देणार होतं. पण कसं? आधी सगळे पैसे आपण भरायचे, मग बिलं पाठवायची, मग वाट बघत म्हातारं व्हायचं! मागचं बिल अजून कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर घोरत होतं. त्यापेक्षा केशरी रेशनकार्डावरची योजना बरी, तिथे ऑपरेशन फुकट. माझं कार्ड पांढरं. पण बाबूजींच्या नावावर दवनीवाड्याला धानाच्या शेताचा एक तुकडा होता, म्हणजे कागदावर ते वेगळे शेतकरी होऊ शकत होते. ठरलं. त्यांचं नाव माझ्या कार्डावरून आणि माझ्या नोकरीच्या कागदांवरून काढायचं आणि त्यांना वेगळं केशरी कार्ड करायचं.

नाव चुटकीसरशी निघालं! (काढायचं असलं की सरकार वाऱ्यासारखं धावतं.) नव्या कार्डाला मात्र गोंदियाच्या रेशन ऑफिसातला कारकून आडवा आला.

"गुरुजी, चूल अलग दिसली पाहिजे. इन्स्पेक्टरसाहेब खुद देखने आयेंगे."

"अहो, हार्टच्या पेशंटला चूल फुंकायला लावू?"

"वो आप देख लो. नियम है."

म्हणजे जुन्या योजनेतून बाबूजी बाहेर, नव्या योजनेत ते नाहीत, आणि नळी बंदच! मी दात-ओठ खात घरी आलो. बाबूजींनी मात्र हौसेनं ओसरीत विटा मांडल्या आणि भात शिजत घातला.

आता आमच्या गावात म्हाताऱ्या बापाच्या ओसरीतून धूर निघाला, की त्याचा अर्थ एकच : लेकानं बाप टाकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं कोहमाऱ्याहून माझी बहीण इंदू येऊन धडकली.

"भाऊ, लाज नाई वाटली तुले? कायले वेगळं काढलं बाबूजीले?"

"अगं, योजनेसाठी..."

"योजना वहिनीचीच असंल!"

हे ऐकून बायको लाटण्यासकट बाहेर आली. तिला आवरतोय तोच समाजाची वडीलधारी मंडळी अंगणात हजर.

"का बे मास्तर! सरकारचा पगार खाऊन राहिला, आन् बापाले घासभर भात नाई?"

मी समजावतोय, बाबूजी हात हलवून सांगताहेत, ऐकतो कोण! मंडळींनी चुलीवर घागर ओतली, विटा लाथेनं उडवल्या आणि बाबूजींना दंडाला धरून माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. "वाढ वो सूनबाई!" बाबूजींनी पहिला घास तोंडात घातला, आणि दारात इन्स्पेक्टर!

"इथे तर एकच चूल आहे. अर्ज नामंजूर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाबूजींपुढचं ताट खेचलं आणि ओरडलो, "उठा! माह्या घरात एक घास खायचा नाई! व्हा बाहेर!"

इंदूनं हंबरडा फोडला. इन्स्पेक्टरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेणात पडलो होतो. "कुटुंब विभक्त आहे," असं त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं आणि जाताना म्हणाला, "असा मुलगा वैऱ्यालाही नको."

कार्ड आलं. नागपूरला ऑपरेशन झालं, एक पैसा न देता! बाबूजी आता सायकलवरून शेतात जातात. पण गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत, आणि इंदू दर महिन्याला लाडू पाठवते ते फक्त बाबूजींना. कुणी हळहळलं की बाबूजी नुसता सुस्कारा सोडतात. "जाऊ द्या जी, लेकरू हाये."

शेवटी मी भडकलो. "बाबूजी, काऊन नाई सांगत खरं?"

"खरं सांगतलं तं कार्ड रद्द होईल ना बेटा," ते लाडू फोडत म्हणाले.

तेव्हा वडिलांच्या तब्येतीसाठी मी आजतागायत नालायक आहे.