तिच्या वतीने दिलेला नकार

मूत्राशय काढायचं की ठेवायचं, हे माझ्या बायकोला विचारून कळवा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तिला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, ‘वो नहीं चाहतीं.’

तिला तेव्हा दर दहा मिनिटांनी लघवीला जावं लागायचं. रिपोर्ट आला त्या दिवशीही ती बाहेर गेली आणि नेमकं तेवढ्यात डॉक्टर बोलले. कॅन्सरची गाठ खरवडून काढली होती, पण ती आतल्या थरापर्यंत गेलेली होती, जातही वाईट होती. दोन मार्ग होते. सहा आठवडे मूत्राशयात औषध सोडायचं आणि दुर्बिणीने लक्ष ठेवायचं, किंवा मूत्राशयच काढून टाकायचं. मग लघवी पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमणार.

‘मेरी मानो तो निकलवा दो,’ ते म्हणाले. ‘पर भाभीजी से पूछ लेना.’

मी मोहालीत औषधांवर संशोधन करायचो. संस्थेत नुकतंच इंटरनेट आलं होतं. संध्याकाळभर बसून औषधाच्या बाजूचे तेवढे लेख छापून घेतले. तिला म्हटलं, ‘डॉक्टर म्हणतात औषध पुरेल.’

औषध आत गेलं की ते दोन तास धरून ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. मी घड्याळ घेऊन बसायचो. ‘उलटा आता,’ ती म्हणायची, ‘एका बाजूने भाजली पोळी.’ जळजळीने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

‘अहो, ह्याने जाईल ना?’

‘जाईल,’ मी म्हणायचो.

सात महिन्यांनी दुर्बिणीत गाठ पुन्हा दिसली. या वेळी ती स्नायूत शिरली होती.

‘भाभीजी, उस वक़्त आपने मना कर दिया था,’ डॉक्टर म्हणाले. ‘अब निकालना ही पड़ेगा. और अब मैं पहले जैसा भरोसा नहीं दे सकता.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना म्हणाली, ‘हां जी. डर गई थी.’

स्कूटर लावली होती तिथे आम्ही आलो. मग म्हणाली, ‘घरात पडदे कुठले घ्यायचे ते मला विचारता.’

‘तुला सोसलं नसतं, म्हणून मी...’

‘ते मला ठरवू द्यायचं होतंत.’

मनीमाजऱ्याला घरी आलो. पुढचे आठ-दहा दिवस ती स्वयंपाक करायची, कामापुरतं बोलायची. मी रोज ग्रंथालयात जाऊन मूत्राशय वाचवणारं काहीतरी शोधत होतो. काहीच नव्हतं, हे मला कळत होतं. तरी कागद घेऊन घरी यायचो.

‘आणलंत का काही नवीन?’ ती एकदा म्हणाली. ‘माझं उत्तरही खाली लिहून आणलं असेल.’

मी पुन्हा समजावायला लागलो. त्या वेळी आकडे काय सांगत होते, मला कसं वाटलं होतं. ती उठून आत गेली. ती वाचणार नाही, आणि वाचली नाही तर ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात नर्स आली. पिशवीची जागा पोटावर पेनाने आखून ठेवायची होती, कपड्याची नाडी तिथे घासता कामा नये म्हणून. तिने बायकोला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं.

‘नाड़ा कहाँ बांधते हो जी?’

‘नाभि के नीचे,’ मी म्हणालो.

नर्सने मान वळवली. ‘अंकलजी, आपसे नहीं पूछा.’

बायको पोट उघडं टाकून उभी होती. रागावलीही नाही. माझं हे असंच चालायचं, असं ती धरूनच चालली होती. तिने स्वतः बोट ठेवून जागा दाखवली. नर्सने गोल काढला आणि पेनाचं टोपण लावत ती बाजूला झाली.

मग मी बोललो. नर्सला मराठी कळत नव्हतं. कळलं असतं तरी बोललो असतो.

‘तुला सोसणार नाही, हे खोटं होतं. ती पिशवी मला नको होती. त्या पिशवीशेजारी झोपायचं, या विचाराने मला शिसारी आली होती. म्हणून तुला विचारलं नाही, आणि डॉक्टरांना नकार तुझ्या नावावर सांगितला. माझं चुकलं. मला माफ कर.’