पाटीला दोन बाजू

"गाव कुठलं?"

हा प्रश्न माणसाला विचारला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. आपल्याकडं पाण्याच्या आधी गाव विचारतात. पण आमचे पेंटरकाका हा प्रश्न प्लॅस्टरच्या बोटभर खलाशाला विचारायचे. त्याला चिमटीत धरून डोळ्यांजवळ न्यायचे, उलटा करायचे, तळ बघायचे, परत सुलटा करायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. उत्तर मिळाल्याशिवाय रंगाच्या डबीचं झाकण उघडत नसे. "आदी गाव, मंग रंग," हे त्यांचं ठरलेलं.

काका तुळजापूरच्या एसटी आगारात पेंटर होते आणि मी कंडक्टर. तुम्ही कधी आमच्या भागातून प्रवास केला असेल, तर त्यांचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. गाडीच्या कपाळावर लागणाऱ्या गावांच्या पाट्या ते लिहायचे. एका बाजूला 'तुळजापूर – ईट', दुसऱ्या बाजूला 'ईट – तुळजापूर'. शेवटचा थांबा आला की आम्ही पाटी फिरवायची, की गाडी परतीची झाली. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून एक वेलांटी चुकली नाही. म्हातारी माणसं ड्रायव्हरपेक्षा पाटीवर जास्त विश्वास ठेवायची. काका स्वतः मात्र सोलापूरच्या पुढं कधी गेले नव्हते. कारण विचारलं की म्हणायचे, "म्या गेलो तर पाट्या कोन लिवणार?"

ते निवृत्त झाले त्या वर्षी आगारात बेवारस पार्सलांचा लिलाव झाला. त्यात एक जड खोकं होतं, पत्ता पुसलेला. काकांनी ते हलवून पाहिलं, आत खडखडलं, रंगाच्या बाटल्या असणार म्हणून घेऊन टाकलं. घरी उघडलं तर आत बेचाळीस पांढरेफटक खलाशी. कुणाच्या हातात दोरखंड, कुणाच्या खांद्यावर पोतं, कुणाच्या डोळ्याला दुर्बीण, एकाच्या हातात पळी. काकूंनी कपाळावर हात मारला. "गणपती असतं तर इकलं तरी असतं," म्हणाल्या. काका तोवर एकेकाला खिडकीच्या उजेडात तपासत होते. आमची गल्ली एकच, त्यामुळं ड्यूटीवरून येताना मी तिथं टपकलेच होते.

"बाई, बगा," ते मला म्हणाले, "बंदूक एकाकडंबी न्हाय. म्हंजी ही लढाईची माणसं न्हायत. मालाच्या जहाजावर कामाला गेल्याली हायती. आपल्यातलीच."

झालं. त्या दिवसापासून आपल्यातली माणसं समुद्रावर जायला लागली. काकांनी समुद्र पाहिला नव्हता, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. सगळ्या खलाशांना त्यांनी खाकी कपडे रंगवले. मी म्हटलं, "काका, जहाजावर खाकी नसते." तर म्हणाले, "कामावरचा मानूस खाकी घालतो," आणि विषय मिटला. दोरखंडवाला ईटचा. त्याची गाठ बघून कप्तान चकित झाला, कुठल्या कॉलेजात शिकलास म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, गोठ्यात. दुर्बीणवाला इथलाच, तुळजापूरचा. त्याला लांबून दीपगृह दिसलं की दीपमाळ समजून तो हात जोडतो, आणि दुर्बीण पाण्यात पडते. "चौथी दुर्बीण हाय ती," काका गंभीरपणे सांगायचे.

प्रत्येकाच्या पायाखालच्या बैठकीवर शून्य नंबरच्या ब्रशनं ते पाटी लिहायचे. पुढच्या बाजूला 'ईट – मस्कत', मागच्या बाजूला 'मस्कत – ईट'. बंदरांची नावं माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकातली. सगळे खलाशी खिडकीच्या कठड्यावर ओळीनं उभे, जातानाची बाजू पुढं करून.

"यातलं परत कुणी आलंय का?" मी चिडवायची.

"यील की. आला की फिरवायचा. पाटीला दोन बाजू असत्यात, बाई."

मला हा माणूस फार आवडायचा. तरी एकदा मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तोच प्रसंग सांगायला मी बसले आहे.

आमच्या आगाराच्या कँटीनमध्ये अणदूरच्या एक मावशी होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा खंडू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला होता. तो जाऊ नये म्हणून मावशींनी आकाशपाताळ एक केलं आणि निघताना रागाच्या भरात म्हणाल्या, "जातोस तर जा, परत तोंड दावू नको." पोरगं आईच्या वळणावर गेलेलं. दोन वर्षं फोन नाही. मावशी भजी तळता तळता दाराकडं बघायच्या.

काका चहाला आगारात यायचे. एकदा ड्रायव्हर लोकांनी आग्रह केला म्हणून त्यांनी पळीवाला खलाशी खिशातून काढला. नुकताच रंगवलेला, 'अणदूर – कोलंबो'. आणि रंगात येऊन गोष्ट सांगितली: ह्यानं तिकडं लग्न केलंय, बायको गुणाची आहे, आमटी शिकली, पण आईच्या भीतीनं फोन करत नाही. सगळे हसले. काउंटरमागं मावशी उभ्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आख्ख्या आगाराला पेढे वाटले. सुनेसाठी हिरवी साडी आणली होती, ती घडी मोडून मला दाखवली. "सूनबाई गोरी हाय का सावळी, तेवडं इचारा की पेंटरभावला," म्हणाल्या. हातातला पेढा मी तसाच काउंटरवर ठेवला.

मी तडक काकांच्या घरी गेले आणि वाट्टेल ते बोलले. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर कँटीनला आले.

"अक्का, म्या बनवलंय ते. खोटं हाय समदं."

मावशी हसल्या. "खोटं कसं? कोलंबो लिवलंय की त्यावर. तुमच्या पाटीवर आजवर चुकीचं गाव आलंय का?"

इतक्या वर्षांचं काकांचं नीट अक्षर त्या दिवशी त्यांच्याच अंगावर आलं. खाली बघत ते म्हणाले, "आलं, अक्का. ह्या टायमाला आलं."

मावशींनी साडीची घडी घातली आणि आत गेल्या. त्या दिवशी कँटीनमध्ये भजी झाली नाहीत.

त्या आठवड्यात काकांनी एकाही खलाशाला गाव विचारलं नाही. पळीवाल्याची अक्षरं मात्र त्यांनी ब्लेडनं खरवडून काढली. मग परत कँटीनमध्ये मावशींकडं गेले, मलाही ओढून नेलं. तिथं मावशींच्या ट्रंकेत एक कागद होता, खंडूला कामावर लावणाऱ्या मुंबईच्या ऑफिसचा. त्यावरचा पत्ता काकांनी उतरवून घेतला.

"अक्का, म्या सोता मुंबईला जातो, ह्यो खंडूकडं धाडाया. पुडं 'अणदूर – मुंबई' लिवलंय, मागं 'मुंबई – अणदूर'. मुंबईपत्तुरचंच खरं म्हायती हाय, तेवडंच लिवलं. खाली तळाला जागा हाय. काय लिवायचं ते तुमी सांगा. म्या माज्या मनचं एक अक्षर घालणार न्हाय."

समोर चौकशीच्या खिडकीशेजारी काळा फळा होता. कुठली तरी गाडी बिघडली होती, म्हणून त्यावर खडूनं लिहिलं होतं: रद्द. त्याकडं बघत मावशी म्हणाल्या,

"लिवा. आई म्हणाली ते रद्द."

काकांनी तिथंच बाकावर बसून ते लिहिलं. मी कंडक्टरकी करताना हजारदा वाचलेला शब्द तो, पण त्या दिवशी मला रडू आलं.

सोलापूरच्या पुढं न गेलेला हा माणूस, कँटीनच्या टॉवेलात खलाशी गुंडाळून मुंबईला गेला. चौथ्या दिवशी रिकाम्या हातानं परत आला. ऑफिसातल्या माणसानं जहाजावर जाणाऱ्या टपालात खलाशी घातला होता, एवढंच काकांनी सांगितलं.

"समुद्र बघितला का?" मी विचारलं.

"न्हाय. कामाला गेल्तो."

"आता काय होईल, काका?"

"म्हायती न्हाय," ते म्हणाले. गोष्ट सांगायला कायम तयार असलेल्या त्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मावशींना मात्र ते रोज एक वाक्य सांगायचे, "अक्का, अणदूरचा खंडोबा दरसाली नळदुर्गाला जातो. परत येतो का न्हाय?" हे बनवलेलं नव्हतं, देवाची मूर्ती दरवर्षी अशी जाते-येते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मावशी मान हलवून पुढची भजी सोडायच्या.

पाच महिन्यांनी मावशी हातात झारा तसाच घेऊन आगाराच्या पटांगणात धावत आल्या. झाऱ्यातून तेल गळत होतं. "खंडूचा फोन आला! रद्द झालं म्हनला! पोरगं म्हनलं, रद्द झालं!" ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या. काका बाकावर चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "पाटी खरी लिवली की गाडी बरुबर लागती."

त्यानंतर त्यांनी आणखी सात खलाशी रंगवले. मग एका सकाळी चहा घेऊन काकू आल्या, तर ते खुर्चीतच गेलेले. ब्रश धुऊन ठेवलेला होता.

आता गाड्यांवर दिव्यांची अक्षरं पळतात. फिरवायला काही उरलं नाही.

परवा काकूंकडं बसले होते, तेव्हा दारात एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस आला. मागं मावशी, नवं लुगडं नेसलेल्या. काकूंनी सवयीनं विचारलं, "गाव कुठलं, बाबा?"

"अणदूर."

त्यानं खिशातून खलाशी काढला. खाकी रंग हाताळून हाताळून उडाला होता, तळावरची अक्षरं मात्र शाबूत होती. "जहाजावर समदी इचारायची, ह्यो खाकी का म्हून," खंडू म्हणाला. "म्या सांगायचो, कामावरचा मानूस हाय." काका गेल्याचं मावशींनी त्याला वाटेतच सांगितलं होतं. त्यानं कठड्यावरच्या ओळीत जागा केली आणि खलाशी इतरांसारखाच उभा केला, 'अणदूर – मुंबई' पुढं करून.

मला कंडक्टरला ते बघवेना. मी उठले आणि पाटी फिरवली.