चौकोनातली बायको

प्लेअरवाल्या काकांचा धंदा म्हणजे भोपळा बाटलीत बसवायचा. गिऱ्हाइकांच्या खिशातल्या छोट्या प्लेअरवर मोठा व्हिडिओ चालत नसे; काका तो लहान करून देत आणि कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून मूळचा लगेच पुसून टाकत. बायको गातानाच्या व्हिडिओचीही त्यांनी सवयीने तीच गत केली होती.

ती गेल्यावर मुलीने तो मोठ्या टीव्हीवर लावला. "आईला एकदा जवळून बघायचंय."

चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलत होते.

"बाबा, साफ करा ना. तुमच्या तर डाव्या हातचा मळ."

"लहान करणं, पोरी. मोठं करणं नाही."

लांबून पाहिलं की चौकोन जुळतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते मागे मागे सरकत गेले. बायको ओळखू येण्याआधीच पाठीला भिंत लागली.